दुपारची लाईट संध्याकाळी कोण आणून देणार? सोलापूर जिल्ह्यातल्या आमदार-खासदारांना खुलं पत्र

प्रति,
सोलापूर जिल्ह्यातले सगळे आमदार, खासदार आणि जिल्हा नियोजन समितीत बसणारे साहेब आणि ताई,

विषय : सोलर किती मेगावॅट बसलं ते सांगताय, ते किती वाजेपर्यंत चालतंय ते पण सांगा की

नमस्कार,

मी छतावर सोलर बसवणारा माणूस. पोट त्याच्यावरच चालतंय, त्यामुळं हे पत्र सोलरच्या विरोधात आहे असं आधीच ठरवू नका, जिल्ह्यात आहे त्याच्या दहापट पॅनेल बसले तरी मला आनंदच आहे. पण हल्ली कुठलंबी उद्घाटन असू द्या, भाषणात एक वाक्य ठरलेलं, सोलापूर म्हणजे उन्हाचा जिल्हा, आता चोवीस तास लाईट. लोक टाळ्या वाजवतात, घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी मला फोन करतात, सोलर बसवलं की रात्री पण एसी फुकट चालतोय ना ओ? समजावून समजावून तोंड दुखायला लागलं, म्हणून म्हटलं वाक्य जिथून निघतंय तिथंच पत्र टाकू.

आधी हिशोबाचं बोलू. ३ किलोवॅटचं सोलर, ज्याला सूर्यघर योजनेत ७८ हजार सबसिडी मिळते, ते आपल्याकडं वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला १२-१३ युनिट देतंय. तेच ३ किलोवॅट रात्रंदिवस फुल्ल चाललं असतं तर ७२ युनिट झाले असते. म्हणजे साधारण सहावा हिस्सा पदरात पडतोय आणि तो पण सगळा दिवसाउजेडी. आणि तुम्ही भाषणात सोलरचे मेगावॅट आणि फताटेवाडीच्या एनटीपीसीच्या कोळशाच्या केंद्राचे १३२० मेगावॅट एका दमात सांगून बेरीज करता. कोळशाचा मेगावॅट रात्री दोनला मागितला तरी मिळतोय, सोलरचा मेगावॅट येईल तेव्हा घ्यायचा आणि जाईल तेव्हा गप बसायचं, मग ही बेरीज कशी जमणार?

बरं, ऊन जास्त म्हणजे लाईट जास्त हे पण अर्धवट खरं आहे. पॅनेलचा रेटेड आकडा २५ डिग्रीला काढलेला असतोय, त्याच्यावर प्रत्येक डिग्रीला पाव ते अर्धा टक्का उत्पादन घटतंय. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३ वर असताना पॅनेलला हात लावून बघा, चटका बसेल, आतला सेल ६५-७० डिग्रीला गेलेला असतोय, तिथंच १५ टक्क्याच्या आसपास गेले. ज्या दुपारी सगळ्या शहराचे कूलर-एसी घरघरतात त्या दुपारी पॅनेल दमलेलं असतंय, आणि फेब्रुवारीच्या छान हवेत जेव्हा कुणाला पंखा पण नको असतोय तेव्हा ते जोरात असतंय.

आता ढगाचं. जुळे सोलापुरात एका काकांच्या छतावर ५ किलोवॅट बसवलं, आषाढातली दुपार होती, इन्व्हर्टरच्या (पॅनेलची लाईट घरात वापरण्याजोगी करणारा डबा) डिस्प्लेवर ४.१ किलोवॅट दिसत होतं, काका खूश, मोबाईलमध्ये फोटो काढायला लागले. तेवढ्यात एक ढग आला, पाऊस-बिऊस काही नाही नुसताच ढग, आणि काकांचा फोटो काढून होईपर्यंत आकडा ०.९. बिघडलं का ओ? म्हटलं थांबा जरा. ढगाची कड सरकली तसा आकडा ४.७ वर गेला, म्हणजे आधीपेक्षा पण जास्त, कारण ढगाच्या पांढऱ्या कडेवरून परावर्तन होऊन थेट उन्हात अजून उजेड मिसळतोय. पाच-सात मिनिटात एवढं सगळं झालं आणि काकांच्या घरातला फ्रिज एकदा पण बंद पडला नाही. का पडला नाही? कारण जेवढं कमी पडलं तेवढं ग्रिडनं, म्हणजे सगळी वीज केंद्रं आणि घरं जोडणाऱ्या लाईनींच्या जाळ्यानं, दिलं आणि जेवढं जास्त झालं तेवढं ग्रिडनं घेतलं. काकांना वाटतंय आपण आपल्या लाईटवर आहे, आणि खरं काम मागं ग्रिड करत होतं.

एका छताचं असं खालीवर होणं ग्रिडला काही वाटत नाही. साखर पेठेवर ढग असतोय तेव्हा होटगी रोडला ऊन असतंय, बार्शीला वेगळं, सांगोल्याला वेगळं, सगळ्यांची गोळाबेरीज केली की उड्या एकमेकात जिरून जातात. अवघड होतंय ते एकाच जागी मोठा प्रकल्प असला की, किंवा एका सबस्टेशनपासून पाच-दहा किलोमीटरच्या आत सौर कृषी वाहिनीचा (शेतीला दिवसा सोलरची लाईट द्यायची सरकारी योजना) प्लांट असला की, त्याच्यावर मोठा ढग आला की सगळा प्लांट एकदम खाली येतोय आणि त्या फीडरच्या, म्हणजे सबस्टेशनवरून शेताकडं जाणाऱ्या लाईनच्या, मोटारी तर चालूच असतात, मग तेवढा लोड एकदम वरच्या लाईनवर.

ग्रिडचं मूळ दुखणं असं की लाईट ज्या क्षणाला लागते त्याच क्षणाला तयार व्हावी लागते. मंगळवेढ्याची ज्वारी पेवात भरून ठेवली तर पुढच्या दुष्काळात काढता येते, लाईटला पेव नाही. तयार होणं आणि वापर ह्यात फरक पडला की फ्रिक्वेन्सी, म्हणजे करंट सेकंदाला किती हेलकावे घेतोय तो आकडा, ५० हर्ट्झवरून हलते, वापर जास्त झाला की खाली, कमी झाला की वर. देशात ती ४९.९० ते ५०.०५ मध्ये ठेवायची असा दंडक आहे. आणि ही फ्रिक्वेन्सी सोलापूरची वेगळी, चेन्नईची वेगळी असं नसतंय, सगळ्या देशाची एकच. ती एक होण्यात आपल्या सोलापूरचा हात आहे हे तुमच्यापैकी कितीजणांना माहिती आहे कोण जाणे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईन चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाला जोडलं गेलं. त्याच्या आदल्या वर्षी, ३० आणि ३१ जुलै २०१२ ला, उत्तरेचा अर्धा देश अंधारात गेलेला सगळ्यांना आठवत असेल. एवढ्या मोठ्या गोष्टीचं गावात एक बोर्ड पण नाही, चादरीचे बोर्ड मात्र ढीगभर आहेत. असो.

तर हे एक ग्रिड सांभाळायला कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रात, म्हणजे राज्याच्या ग्रिडच्या कंट्रोल रूममध्ये, माणसं चोवीस तास बसलेली असतात. त्यांच्याकडं दिवसाचे ९६ तुकडे असतात, १५ मिनिटाचा एक, आणि प्रत्येक तुकड्यात कोण किती लाईट देणार ते आदल्या दिवशीच ठरवायचं असतंय. कोळशावाला सांगू शकतोय, पाण्यावाला सांगू शकतोय, सोलरवाल्यानं अंदाज द्यायचा आणि चुकला की दंड, त्याचे नियम आपल्या वीज नियामक आयोगानं २०१८ लाच काढलेत. आधी माहिती असलं ना की हे लोक काहीबी सांभाळतात. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद केले होते आठवतंय का, तेव्हा देशाचा लोड ३१ हजार मेगावॅटच्या आसपास एकदम उतरला आणि परत चढला, तरी कुठं काही झालं नाही, कारण वेळ ठरलेली होती आणि पाण्यावरचे संच आधीच तयार ठेवलेले होते. सूर्यग्रहणाचं पण तसंच, पंचांगात मिनिटासकट लिहिलेलं असतंय, आणि पंचांग तर आपल्या सोलापुरातूनच निघतंय. ढगाचं पंचांग कुणी काढलेलं नाही, गोची तिथं आहे.

म्हणजे काढायचा प्रयत्न झालाय, आणि तो पण आपल्याच डोक्यावर. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापुरात रडार लावून, विमानं उडवून कृत्रिम पावसाचा प्रयोग केला, २७६ ढगांचा अभ्यास केला. तेव्हा पेपरात बातमी काय, पाऊस पडणार का नाही पडणार. पण देशात कुठल्या जिल्ह्याच्या ढगांची एवढी बारीक माहिती गोळा झाली असेल? त्या लोकांना बोलवा, म्हणावं आम्हाला ढगाचा दोन-चार तास पुढचा अंदाज तालुकानिहाय पाहिजे, सोलर प्लांटवाल्यांना पाहिजे, सबस्टेशनला पाहिजे. कारण आपल्याकडचा पावसाळा इतरांसारखा नाही हो. कोकणात ढग आले की पाऊस येतोय, पाऊस आला की मोटर बंद, सोलर कमी झालं तरी चालतंय. आपल्याकडं जून-जुलैत आठ-आठ दिवस आभाळ भरलेलं आणि खाली ठणठणाट. सोलर पण नाही आणि पाणी तर द्यायचंच आहे, पीक करपतंय. तेव्हा लाईट कुठून येते? साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या त्या दिवसात जोरात असतात त्या थोडा हात देतात, बाकी कोळसा आणि कोयना.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसलो. ढगाचं कसंबी करून निभावतंय, संध्याकाळचं निभावत नाही.

सोलापुरात सूर्य डिसेंबरात सहाच्या आत मावळतोय आणि जूनमध्ये सातच्या सुमाराला. त्याच्या आधीच्या दोन तासात सगळ्या राज्याचं, सगळ्या देशाचं सोलर एकाच वेळी उतरत जातंय, इथं गोळाबेरीज वगैरे काही उपयोगाची नाही, सूर्य सगळ्यांचा एकदमच मावळतोय. आणि नेमकं तेव्हाच लोक घरी येतात, दुकानांच्या पाट्या लागतात, उन्हाळ्यात स्लॅब तापलेला असतोय म्हणून एसी-कूलर सुरू. हा खड्डा कोण भरणार? फताटेवाडीचाच संच घ्या, ६६० मेगावॅटचा एक. दुपारी सोलर जोरात असतंय तेव्हा अशा संचाला ५५ टक्क्यापर्यंत खाली यायला सांगतात, म्हणजे ३६३ मेगावॅट. केंद्राच्या २०२३ च्या नियमात टप्प्याटप्प्यानं ४० टक्क्यापर्यंत यायचंय, म्हणजे २६४. तिथून संध्याकाळी परत वर चढायचं. एवढा मोठा बॉयलर रोज गरम-थंड करायचा म्हणजे नळ्या थकतात, कमी लोडवर युनिटमागं कोळसा जास्त जळतोय, आणि पूर्ण बंद करून टाकला तर गार झालेला संच परत लावायला कित्येक तास जातात. म्हणून दुपारी गरज नसताना पण त्याला धुगधुगी धरून ठेवावी लागते. अजून एक, त्या टर्बाईनचं शेकडो टनाचं फिरतं वजन असतंय, कुठं अचानक काही बंद पडलं तर ते वजन दोन-चार सेकंद फ्रिक्वेन्सीला धरून ठेवतंय. साध्या सोलर इन्व्हर्टरमध्ये फिरणारं काहीच नसतंय.

बाजारात ह्याचा भाव बघा म्हणजे कळेल. वीज एक्स्चेंजवर, म्हणजे जिथं लाईटची घाऊक खरेदी-विक्री होते तिथं, मे २०२५ मध्ये काही दुपारी दर जवळपास शून्यावर आला होता, कुणी घ्यायला तयार नाही, आणि टंचाईच्या संध्याकाळी तोच दर युनिटला १० रुपयाच्या सरकारी मर्यादेला जाऊन टेकतोय. राजस्थानात तर त्या वर्षी लाईन कमी पडली म्हणून दुपारी सोलर बंद ठेवायची पाळी आली. असं असताना आपण उद्घाटन कशाचं करतोय? दुपारच्याच लाईटचं.

गावातली गंमत पण ऐका. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांवर सोलर आहे. माग चालू असताना सगळं गोड असतंय, तिथली लाईट तिथंच खपते. सुट्टीच्या दिवशी माग बंद, ऊन कडक, सगळ्या छतांची लाईट एकाच डीपीवर मागं ढकलली जाते, व्होल्टेज २३० चं २४५, २५०, आणि २५३ च्या वर गेलं की इन्व्हर्टर नियमाप्रमाणं दोन सेकंदात स्वतःला तोडून घेतोय. मालक फोन करतोय, सुट्टीच्या दिवशी जनरेशन कमी का आलं, तुमचा माल खराब आहे. माल चांगला आहे शेठ, लाईट जायला वाट नाही. ह्याचं मोठं रूप २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगालनं बघितलं, भर दुपारी व्होल्टेज वाढत गेलं, एकामागून एक प्लांट तुटत गेले आणि दोन देश अंधारात. सोलरमुळं झालं असं म्हणणं चुकीचं आहे, व्होल्टेज धरून ठेवायची सोय कमी पडली असं चौकशीतून पुढं आलं. तशी सोय आपल्याकडं पण कमी पडणार नाही कशावरून?

अजून एक तक्रार रोजची, घरावर सोलर आहे तरी लाईट गेली की आमच्या घरात अंधार कसा काय? अहो खांबावर वायरमन चढलेला असतोय, तुमच्या छतावरून करंट मागं गेला तर माणूस जाईल, म्हणून इन्व्हर्टर बंद पडतोय. ते बरोबरच आहे. पण योजनेच्या जाहिरातीत हे एका ओळीत लिहायला काय जातंय?

शेतकऱ्याला दिवसा लाईट ही गोष्ट मात्र शंभर टक्के चांगली झाली, त्याचं श्रेय ज्याला घ्यायचं त्यानं घ्यावं. रात्री दारं धरायला जायचं म्हणजे सापाकिरड्याची भीती, करमाळ्यात २०२० साली बिबट्यानं माणसं मारली तेव्हा मोटर चालू करायला शेतात जाणार कोण. आणि ग्रिडच्या बाजूनं पण ते शहाणपणाचं आहे, रात्रीचा लोड उचलून दुपारी नेला, जिथं लाईट वाया चालली होती. माझं म्हणणं एवढंच, हीच अक्कल बाकीच्या ठिकाणी पण वापरा. उदाहरणार्थ सोलापूरचं पाणी. उजनीतून आणि टाकळीतून पंप लावून पाणी शहरात येतंय, टाक्या भरतात, मग चार-पाच दिवसाआड नळाला सुटतंय, नळाला कधी येतंय ते सगळ्या बायकांना पाठ आहे. जुनी एकच लाईन होती तेव्हा पंप रात्रंदिवस चालवण्याशिवाय गत्यंतर नव्हतं हे मान्य. दुसरी समांतर लाईन पूर्ण क्षमतेनं चालायला लागली की जास्तीत जास्त उपसा नऊ ते पाचमध्ये आणि संध्याकाळी सहा ते दहा पंप कमी, असं वेळापत्रक करता येतंय का ते महापालिकेला विचारा. पाणी टाकीत साठतंय, बॅटरी घ्यायची गरज नाही.

बॅटरी पण लागणारच आहे पण. सौर कृषी वाहिनीचा प्रत्येक प्लांट सबस्टेशनला जोडलेला आहे, तिथंच कंटेनरमधली बॅटरी ठेवली, दुपारी भरली, संध्याकाळी दोन-चार तास सोडली, तर त्या गावाची संध्याकाळ सुटते आणि दुपारी व्होल्टेज चढायचं पण थांबतंय, एका दगडात दोन पक्षी. पूर्वी परवडत नव्हती. २०२२ च्या सरकारी टेंडरात मेगावॅटमागं महिन्याला भाडं पावणेअकरा लाखाच्या आसपास होतं, २०२५ पर्यंत काही टेंडरात ते अडीच लाखाच्या खाली आलं. केंद्रीय वीज प्राधिकरणानं फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलंय की नव्या सोलर टेंडरात क्षमतेच्या १० टक्के तरी दोन तासाची साठवण जोडा. १० टक्के म्हणजे आमटीत हिंग, पण सुरुवात तर आहे. आपल्या जिल्ह्यातल्या पुढच्या प्लांटना हे जोडलंय का, एवढं तरी विचारा.

पाण्याच्या बॅटरीचं म्हणाल तर घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे, जादा लाईट असली की पाणी वरच्या धरणात चढवायचं, कमी पडली की खाली सोडायचं. आणि आपल्या उजनीवर १२ मेगावॅटचा संच आहे तो पण उलटा फिरून पाणी वर घेऊ शकेल असाच बांधलेला. १२ मेगावॅट म्हणजे फार नाही. पण त्या कामासाठी तो आज किती वापरला जातोय, हे जिल्ह्याच्या बैठकीत कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

साखर कारखान्यांचं मी काय सांगणार, तुमच्यापैकी बरेचजण स्वतःच चेअरमन आहेत. हंगामात नोव्हेंबर ते मार्च तुमचे बॉयलर पेटलेले असतात, बगॅसचे, म्हणजे उसाच्या चोथ्याचे, डोंगर लागलेले असतात, आणि बगॅस ही साठवून ठेवता येणारी लाईट आहे, सोलरमध्ये तेच नाही. संध्याकाळच्या युनिटला जास्त भाव द्या, दुपारच्या युनिटला कमी द्या, मग बघा कारखाने आपोआप संध्याकाळी जास्त लाईट देतात का नाही. हे भांडण आयोगापुढं तुम्ही भांडलात तर तुमचा पण फायदा आणि आमचा पण.

आता जे लिहितोय त्यानं माझ्या धंद्यातलेच लोक चिडणार आहेत. केंद्रानं २०२३ ला नियम केला की उन्हाच्या आठ तासात दर निदान २० टक्के स्वस्त आणि सगळ्यात जास्त मागणीच्या वेळेला महाग. त्याच्या विरोधात मोर्चे निघतात, दुपारी छतावरून ग्रिडला दिलेलं युनिट रात्री जसंच्या तसं परत पाहिजे म्हणून, आणि तुम्ही त्या मोर्चाला पाठिंबा देऊन येता. माझं मत उलटं आहे. दुपारचं युनिट आणि रात्री आठचं युनिट ह्यांची किंमत सारखी नाही, ती सारखी धरली तर फरक कुणाच्यातरी बिलात चढतोय, आणि तो ज्याच्याकडं छतच नाही त्याच्या बिलात चढतोय, विडी घरकुलात भाड्यानं राहणाऱ्या बाईच्या. मात्र एक अट, दर वेळेनुसार करणार असाल तर ज्यांनी जुन्या हिशोबावर कर्ज काढून सोलर बसवलंय त्यांचा करार मधेच बदलू नका, नवीन येणाऱ्याला आधी सांगा. लोकांना वॉशिंग मशीन, गिझर, पाण्याची मोटर दुपारी लावायची सवय लागेल, नाही असं नाही, सोलापूरकर पैशाच्या बाबतीत लवकर शिकतोय.

तर मागणी काय? पुढच्या जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत एक कागद मागवा. त्यात तालुकानिहाय सोलर किती बसलं हे नको, ते पाठ झालंय. प्रत्येक सबस्टेशनला संध्याकाळी सहा ते दहा लोड किती, त्यातला किती जिल्ह्यातल्या साठवलेल्या लाईटवर भागतोय (आज बहुतेक शून्यच निघेल), दुपारी किती फीडरवर व्होल्टेज मर्यादेच्या वर जातंय, आणि पुढच्या वर्षी कुठल्या कुठल्या सबस्टेशनला बॅटरी बसणार, तारखेसकट. हा कागद आला की तो लोकांसाठी खुला करा. अधिकाऱ्यांनी माहिती उपलब्ध नाही म्हटलं तर सोडू नका, सबस्टेशनच्या ऑपरेटरच्या वहीत दर तासाचा आकडा लिहिलेला असतोय, कुणी बेरीज करायला सांगितलं नाही एवढंच.

आणि तोपर्यंत भाषणात चोवीस तास ऐवजी दिवसा म्हणा, माझे निम्मे फोन कमी होतील.

आपला,
छतावर चढून सोलर बसवणारा एक सोलापूरकर